कॅमेरा कुणाच्या नावावर आहे?

गेल्या महिन्यात या सदरात घरातल्या कॅमेऱ्यांबद्दल चार ओळी लिहिल्या आणि शंका असतील तर कळवा म्हटलं. पत्रांचा गठ्ठाच आला, आणि त्यातली निम्म्याहून जास्त पत्रं बायकांची आहेत. माझं अशोक स्तंभाजवळ छोटं दुकान आहे. १७ वर्षं नाशिकमध्ये आणि आसपासच्या तालुक्यांत कॅमेरे बसवतोय. त्या कामात जे पाहिलं, त्यावरून उत्तरं देतो. पत्र लिहिणाऱ्यांची नावं छापलेली नाहीत आणि ओळख पटेल असे बारकावे बदलले आहेत.

प्रश्न : सासूबाईंना दिवाळीत अर्धांगवायूचा झटका आला. मी शाळेत नोकरीला, दिवसा एक मावशी असतात. यजमान पुण्याला असतात, म्हणून त्यांनी सासूबाईंच्या खोलीत फिरता कॅमेरा बसवून घेतला. मोबाइलवर दिसतं, बोलताही येतं. पण महिनाभर बघतेय, रात्री दिवे मालवले की तो कॅमेरा आपोआप मान वळवतो. तेव्हा आम्ही दोघांनीही अ‍ॅप उघडलेलं नसतं. सासूबाईंचं अंग पुसणं, डायपर बदलणं सगळं त्याच खोलीत. आता मी रात्री त्याच्यावर टॉवेल टाकते. कुणी बघत असेल का हो दादा? — एक सून, इंदिरानगर

उत्तर : ताई, टॉवेल टाकलात ते योग्य केलंत. शंका आली की आधी झाकायचं, चौकशी नंतर.

तुमचं पत्र वाचल्यावर मला स्वस्थ बसवेना. फोन केला आणि तुम्ही ‘या’ म्हणालात म्हणून रविवारी संध्याकाळी येऊन गेलो. तिथे काय सापडलं ते इतर वाचकांसाठी लिहितो, तुमची त्याला हरकत नाही असं तुम्हीच म्हणालात.

शोकेसवर गजानन महाराजांच्या तसबिरीशेजारी मुठीएवढा पांढरा कॅमेरा. ट्यूब बंद करून झिरोचा दिवा लावला आणि आम्ही दाराच्या बाहेर उभे राहिलो. पंधरावीस मिनिटं काहीच नाही. मग ट्यूबच्या पट्टीमागून एक पाल निघाली, भिंतीवरून सरसर खाली आली, आणि कॅमेऱ्याने तिच्यामागोमाग मान वळवली. ती थांबली, तो थांबला. अ‍ॅपमध्ये ‘मोशन ट्रॅकिंग’ चालू होतं. जे हलेल त्याच्याकडे वळायचं, एवढंच त्याला कळतं. महिनाभर तुमची झोप गेली ती या पालीपायी.

पण तिथे मोबाइल हातात होताच म्हणून कॅमेरा कुणाकुणाबरोबर शेअर केलाय ते पान उघडलं. त्यात तुम्ही आणि तुमचे यजमान दोघंही पाहुणे म्हणून होतात. मालक म्हणून तिसराच मोबाइल नंबर होता. शेवटचे आकडे बघून तुम्हीच म्हणालात, ‘हा तर फिटिंगला आला होता त्या मुलाचा नंबर.’

जमिनीचं आपल्याला बरोबर कळतं. घर आपण बांधलं, राहतो आपण, पण सातबारा दुसऱ्याच्या नावावर असला तर झोप लागेल का? कॅमेऱ्याचंही तसंच आहे. पैसे कुणी दिले आणि भिंत कुणाची, याला काही किंमत नाही. ज्याच्या नावाने अ‍ॅपमध्ये नोंद, तो मालक. त्याला कधीही लाइव्ह बघता येतं, जुनं रेकॉर्डिंग काढता येतं, आणखी कुणाला दाखवता येतं, आणि तुम्हाला काढूनही टाकता येतं.

हे होतं कसं तेही सांगतो, कारण दर वेळी त्यात खोट असते असं नाही. कॅमेरा चालू करताना मोबाइलवर ओटीपी येतो. घरच्यांचा मोबाइल चार्जिंगला असतो, नाहीतर मेमरी भरलेली असते, अ‍ॅप उतरत नाही. पुढच्या घरी जायची घाई असते. मग ‘माझ्याच मोबाइलवर चालू करून देतो, नंतर बदलू’ असं ठरतं, आणि ती नंतरची वेळ येत नाही. मीसुद्धा २०२१ पर्यंत हेच करत होतो. त्या वर्षी जानेवारीत अमेरिकेतल्या टेक्सासची बातमी वाचली. तिथल्या एका सुरक्षा कंपनीचा तंत्रज्ञ कॅमेरे बसवताना गिऱ्हाइकांच्या खात्यात गुपचूप आपला ईमेल घालून ठेवायचा. साडेचार वर्षांत सुमारे २२० घरांच्या खात्यांत तो ९,६०० हून अधिक वेळा शिरला. कुठल्या घरात बायका आहेत ते हेरून ठेवायचा. पुढे त्याला ५२ महिन्यांची कैद झाली. ती बातमी वाचली त्या रात्री मी माझ्या मोबाइलमधलं अ‍ॅप उघडलं. त्यात ४१ घरं होती. मी ती कधी उघडून बघितली नव्हती, पण हे त्या घरांना कुणी सांगायचं? पुढचा दीड महिना एकेका दारात जाऊन, माफी मागून, कॅमेरे त्यांच्या नावावर करून दिले. ज्या घरांचा पत्ताच लागला नाही त्यांची नोंद माझ्याकडून काढून टाकली.

तुमच्याकडे त्या मुलाला आपण तिथूनच फोन लावला. त्याने लगेच स्वतःच्या अ‍ॅपमधून कॅमेरा डिलीट केला. हे करून घ्यावंच लागतं. काही कंपन्यांच्या कॅमेऱ्यात नुसतं रिसेट पुरत नाही, जुन्या मालकाने सोडल्याशिवाय तो दुसऱ्याच्या नावावर चढत नाही. मग कॅमेऱ्याच्या बुडाचं बारीक भोक सेफ्टी पिनने दाबून धरलं, तो कोरा झाला, आणि तुमच्या नंबरवर नव्याने नोंदवला. यजमानांना अ‍ॅपमधून शेअर केला. पासवर्ड त्यांनाही सांगितला नाही, कारण शेअर केलेलं एका बोटाने काढता येतं, सांगितलेला पासवर्ड परत घेता येत नाही. नव्या मोबाइलवरून कुणी खातं उघडू गेलं तर तुम्हाला कोड विचारला जाईल ती सोय चालू केली. वायफायचा पासवर्डही बदलला, कारण तोही त्या मुलाच्या मोबाइलमध्ये होता.

एवढं सगळं मोबाइलमधलं झालं. त्याहून मला महत्त्वाची वाटली ती कॅमेऱ्याची जागा. शोकेसवरून त्याला अख्खा पलंग दिसत होता. सासूबाई पडल्या का, मावशी वेळेवर आल्या का, एवढंच बघायचं असेल तर दार, खुर्ची आणि उशीकडची बाजू दिसली की पुरतं. म्हणून तो दारामागच्या कोपऱ्यात घेतला आणि अंग पुसण्याच्या वेळी बंद करायला बाजूच्या बोर्डावर वेगळं बटण दिलं. मावशींना कॅमेऱ्याबद्दल कुणी सांगितलंच नव्हतं, त्यांना तो दिवा वाटत होता. त्यांना सांगा, त्या दिवसभर त्याच्यासमोर वावरतात. सासूबाईंना बोलता येत नाही, पण कॅमेरा कोपऱ्यात वळवला तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघून दोनदा मान हलवली. त्यांना गेले सगळे महिने कळत होतं.

प्रश्न : भांडी बाजारात आमचं दुकान, वरच्या मजल्यावर घर. २०१५ साली चार कॅमेरे आणि डीव्हीआर (रेकॉर्डिंग साठवणारी पेटी) बसवला, आजही उत्तम चालतो. पासवर्ड बसवणाऱ्याने ठेवला तोच, अ‍ॅडमिन आणि एक ते पाच आकडे. पुतण्या सारखा मागे लागतो, बदला म्हणून. माझ्या दुकानात तांबे-पितळेची घंगाळी आणि कुकर. ते बघून कुणाला काय मिळणार आहे? — एक दुकानदार

उत्तर : काका, तुमची घंगाळी बघायला कुणी येणार नाही हे खरं. इंटरनेटवरून आत शिरणाऱ्यांना तुमचा डीव्हीआर कामाला जुंपायला हवा असतो.

डीव्हीआर म्हणजे छोटा कॉम्प्युटरच. रात्रंदिवस चालू, इंटरनेटला जोडलेला, आणि त्याच्याकडे कुणाचं लक्ष नाही. २०१६ साली अमेरिकेतल्या तीन पोरांनी ‘मिराई’ नावाचा प्रोग्राम लिहिला. त्यात कारखान्यातून येणाऱ्या नाव-पासवर्डांच्या साठेक जोड्या होत्या. तुमच्या पासवर्डसारखेच. तो प्रोग्राम जगभरातली दारं एकामागून एक ठोठावत सुटायचा, आणि जोडी जुळली की आतला कॅमेरा किंवा डीव्हीआर ताब्यात घ्यायचा. मग ते सगळे कॅमेरे एका हुकमासरशी एकाच ठिकाणी इतक्या मागण्या पाठवायचे की समोरची यंत्रणा कोलमडायची. २१ ऑक्टोबर २०१६ ला अशाच हल्ल्यात ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या वेबसाइटी अमेरिकेत कित्येक तास धड उघडत नव्हत्या. ती पोरं पकडली गेली, डिसेंबर २०१७ मध्ये त्यांचा कबुलीजबाब जाहीर झाला. पण त्याआधीच त्यांनी तो प्रोग्राम इंटरनेटवर सगळ्यांसाठी टाकून दिला होता. त्याचीच पिल्लावळ आजही फिरतेय. कारखान्याचा पासवर्ड असलेली पेटी उघडी जोडली तर काही मिनिटांत कुणीतरी कडी वाजवतं. माणूस नसतो, यंत्रच असतं, त्यामुळे ते दमत नाही आणि तुमचं दुकान लहान आहे म्हणून सोडतही नाही.

आता जिन्याकडे या. तुम्ही लिहिलंय की चौथा कॅमेरा वरच्या मजल्यावर जिन्याच्या तोंडाशी आहे. तिथून घरच्या लेकी-सुना ये-जा करतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातलं प्रकरण बाहेर आलं ते आठवा. तपासणी चालू असलेल्या बायकांचं फूटेज कॅमेऱ्यांतून चोरून टेलिग्रामवर पैसे घेऊन विकलं जात होतं. अटक झालेल्यांत आपल्या महाराष्ट्रातली मुलंही होती. त्या बायकांनी काय पाप केलं होतं? दवाखान्यात गेल्या होत्या. ते कॅमेरे ज्यांच्या ताब्यात होते त्यांनीही बहुधा हेच म्हटलं असेल की आपल्याकडे कोण कशाला बघेल. मला त्या बातमीचा अजून राग येतो, कारण असे पासवर्ड मी रोज बघतो. मोठ्या दवाखान्यांत, क्लासेसमध्ये, मुलींच्या हॉस्टेलच्या बोळात.

तर करायचं काय? पासवर्ड बदलाच, आज संध्याकाळीच. पण तुमच्या डीव्हीआरला तेवढ्याने पुरेशी सुरक्षा येणार नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये हिकव्हिजन या बड्या कंपनीच्या बऱ्याच मॉडेलांत एक चूक जाहीर झाली. तिच्यातून आत शिरायला पासवर्ड लागतच नव्हता. कंपनीने दुरुस्ती दिली, पण ती आपल्या पेटीत भरून घ्यायची असते, आणि मी आजवर गेलेल्या घरांत ती आपणहून भरलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी भेटली. दहा वर्षांच्या जुन्या डीव्हीआरला तर बहुतेक कंपन्या नवी दुरुस्ती देतच नाहीत.

म्हणून सगळ्यात सोपा उपाय. डीव्हीआरच्या मागे टीव्हीची वायर असते, कॅमेऱ्यांच्या वायरी असतात, आणि एक राउटरकडे जाणारी लॅनची वायर, चौकोनी पांढऱ्या क्लिपची. ती काढून टाका. रेकॉर्डिंग हार्ड डिस्कवर होतच राहतं, टीव्हीवर दिसत राहतं. चोरी झाली तर पोलिसांना फूटेज मिळतं. जातं ते फक्त मोबाइलवर बघणं. तुम्ही दिवसभर दुकानातच बसता, तुम्हाला ते कशाला हवं? त्या वेळी बसवणाऱ्याने स्टॅटिक आयपी (इंटरनेटवरचा कायमचा पत्ता) घेऊन राउटरमध्ये पोर्ट (बाहेरून आत यायचं दार) उघडलं असेल तर तेही इंटरनेटवाल्याला सांगून बंद करून घ्या. मोबाइलवर बघायचंच असेल तर नवी पेटी घ्या, आणि पहिल्या दिवशीच पासवर्ड स्वतःच्या हाताने टाका. दुकानाचं नाव नको, मोबाइल नंबर नको, नातवाची जन्मतारीख नको. तो पासवर्ड वहीत लिहून तिजोरीत ठेवलात तर मला काही गैर वाटत नाही. वहीपर्यंत पोचायला चोराला भांडी बाजारात यावं लागेल.

पुतण्याला माझ्याकडून शाबासकी सांगा.

प्रश्न : लग्नाला दोन वर्षं झाली. मिस्टर आखातात असतात. जाताना हॉलमध्ये आणि स्वयंपाकघरात कॅमेरे लावून गेले. मी पर्स उचलली की कॅमेऱ्यातून आवाज येतो, ‘कुठे निघालीस?’ परवा माझी वहिनी आली होती, तिच्यासमोरही तसंच. प्लग काढला तर दोन मिनिटांत फोन. नेट गेलंय असं त्यांना वाटेल, अशी काही युक्ती आहे का? — ओझर

उत्तर : ताई, युक्त्या आहेत, पण मी सांगणार नाही. कॅमेरा कधी बंद पडला आणि कधी चालू झाला याची नोंद बऱ्याच अ‍ॅपमध्ये राहते. आज ना उद्या ते लक्षात येईल आणि तो राग तुमच्यावर निघेल. मला तेच नको आहे.

तुमच्या घरातला कॅमेरा चोरासाठी लावलेला नाही. चोरासाठी लावलेल्या कॅमेऱ्याचं तोंड दाराकडे असतं. तुम्हाला जो कोंडमारा होतोय तो तुमच्या मनाचा खेळ नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात हात उचलणं तेवढीच हिंसा मानलेली नाही, शब्दांनी आणि वागणुकीने होणारा भावनिक छळही त्यात येतो. त्यासाठी संरक्षण अधिकारी असतात, आणि १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे. फोन माहेरून करा किंवा मैत्रिणीच्या मोबाइलवरून. घरात करू नका, कारण या कॅमेऱ्यांना कानही असतात. तुमचा मोबाइल त्यांनीच चालू करून दिला असेल तर त्यावर काही शोधूही नका. कधी काय बोललं गेलं ते तारखेनिशी लिहून ठेवा आणि वही घराबाहेर ठेवा. वहिनींना विश्वासात घ्या. त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

आणि जे असे कॅमेरे लावायला सांगतात त्यांच्यासाठी : घराच्या आत कॅमेरा लावायचं काम आलं की मी आधी त्या घरातल्या बाईला एकटीला विचारतो, तुम्हाला चालेल का. ‘त्यांनी सांगितलंय ना, लावा’ असं उत्तर आलं तर मी पेटी उघडत नाही. गेल्या वर्षी अशी सहा कामं सोडली. माझ्या धंद्यातल्या मित्रांनीही सोडावीत असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : पंचवटीत आमचा जुना वाडा, दोन भावांत वहिवाट. धाकट्या दिरांनी न विचारता ओसरीवर कॅमेरा लावला. आमच्या न्हाणीघराचं दार, वाळत घातलेले कपडे सगळं त्यात येतं. ‘माझ्या भिंतीवर लावलाय’ म्हणतात. — एक थोरली जाऊ

उत्तर : भिंत त्यांची असेल, न्हाणीघर तुमचं आहे. अगदी असाच दोन भावांचा वाद कोलकात्यात झाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने सांगितलं की एकत्र राहत्या घराच्या राहण्याच्या भागात बाकीच्यांच्या संमतीशिवाय कॅमेरे चालवणं हा त्यांच्या खासगीपणाचा भंग आहे. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घातला नाही. तरी वकिलाकडे जाण्याआधी दिरांना सांगा की बहुतेक कॅमेऱ्यांत ‘प्रायव्हसी मास्क’ म्हणून सोय असते. चित्राचा नको तो भाग काळ्या चौकटीने झाकता येतो, रेकॉर्डिंगमध्येही तो येत नाही. न्हाणीघर आणि दोरी झाकून दिंडी दरवाजा तेवढा उघडा ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे. त्यांच्या मोबाइलवर मास्क लावताना तुम्ही शेजारी उभ्या राहा.

प्रश्न : निफाड तालुक्यात शेती आहे. कांदा चाळीवर लाइट नाही, वायफाय नाही. सिमकार्डवर चालणारा सोलर कॅमेरा घ्यायचाय. काय बघून घ्यावा? — एक शेतकरी

उत्तर : भाऊ, चाळीवर कॅमेरा लावा, तिथे गरजच आहे. सिमकार्ड मात्र स्वतःच्या नावावर घ्या. पेटीबरोबर चालू सिम देणारे विक्रेते असतात, ते नको. एप्रिल २०२५ पासून केंद्र सरकारने कॅमेऱ्यांना सुरक्षेची तपासणी सक्तीची केली आहे. पेटीवर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा, पक्कं बिल घ्या, आणि हे मॉडेल नव्या नियमात पास आहे का ते विक्रेत्याकडून बिलावर लिहून घ्या. आठवडी बाजारातल्या बिननावाच्या पेट्या स्वस्त मिळतात, पण त्यांचं फूटेज कुठल्या देशातल्या सर्व्हरवर जातं हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. खांब शिडीशिवाय हात पोचणार नाही इतका उंच हवा, नाहीतर चोर कॅमेऱ्यासकट मेमरी कार्ड नेतो. हंगाम संपल्यावर कॅमेरा कुणाला विकलात तर आधी कार्ड काढून घ्या, रिसेट करा आणि अ‍ॅपमधून आपली नोंद पुसा. दुसऱ्याची चाळ तुमच्या मोबाइलवर दिसत राहायला नको.

प्रश्न : २०२७ च्या सिंहस्थात वरचे दोन मजले यात्रेकरूंना भाड्याने द्यायचेत. सामानाची नासधूस होऊ नये म्हणून खोल्यांत कॅमेरे बसवले तर चालतील का? पाटी लावू. — एक घरमालक, रामकुंड परिसर

उत्तर : नाही. पाटी लावूनही नाही. रामकुंडावरून ओलेत्याने आलेल्या बायका त्या खोलीत कपडे बदलणार आहेत. बाई खासगी स्थितीत असताना तिचं असं चित्रण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ चा गुन्हा आहे, पहिल्याच खेपेला किमान एक वर्ष कैद. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ई वेगळं, त्यात ३ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि समजा तुमची नियत स्वच्छ आहे, तरी त्या कॅमेऱ्याचा पासवर्ड फुटला तर ते फूटेज कुठे जाईल हे वर भांडी बाजारच्या उत्तरात लिहिलंच आहे. सामानासाठी अनामत रक्कम घ्या आणि किल्ली देताना-घेताना खोलीचे फोटो काढा.

बाहेरचं फाटक, जिन्याचं तोंड, पार्किंग इथे कॅमेरे जरूर लावा आणि तिथे पाटीही लावा. आणखी एक गोष्ट, जी घरमालकांच्या लक्षात येत नाही. पाहुण्यांना तुम्ही वायफायचा पासवर्ड द्याल. त्याच वायफायवर तुमचे घरचे कॅमेरे असतील, तर रोज नवी वीस माणसं त्या कॅमेऱ्यांच्या अंगणात येऊन बसतील. राउटरमध्ये ‘गेस्ट नेटवर्क’ वेगळं काढता येतं. पाहुण्यांना तेच द्या.

यात्रेला जाणाऱ्यांनी भाड्याच्या खोलीत शिरल्यावर एकदा अंधार करावा आणि मोबाइलचा टॉर्च डोळ्याजवळ धरून हळूहळू फिरवावा. चार्जर, घड्याळ, धुराचा सेन्सर, न्हाणीघरातला गीझर. भिंगावर उजेड पडला की बारीक ठिपका चमकतो. सापडलं तर हात लावू नका, फोटो काढा, बाहेर पडा आणि ११२ ला फोन करा. आपलंच चित्रण इंटरनेटवर फिरतंय असं कळलं तर केंद्र सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार करता येते. महिलांना तिथे नाव न देताही तक्रार नोंदवायची सोय आहे.

प्रश्न : वय ७८. देवळाली कॅम्पला एकटी राहते. मुलगा अमेरिकेत. मागच्या पावसाळ्यात मी अंगणात घसरले, तेव्हापासून तो बेडरूममध्ये कॅमेरा बसवतो म्हणतोय. कॅमेऱ्याचा डबा पाठवूनही दिला आहे. मला नको आहे. पण नको म्हटलं तर त्याला वाईट वाटेल. — एक आजी

उत्तर : आजी, तुम्हाला नको आहे एवढं कारण पुरेसं आहे. कॅमेरा पडलेल्या माणसाला उचलत नाही. आणि तिकडे दिवस तेव्हा इकडे रात्र, म्हणजे तो बघेल तेव्हा तुम्ही झोपलेल्या असणार. गळ्यात घालायची हाक मारायची बेल मिळते, दाबली की शेजाऱ्यांच्या आणि मुलाच्या मोबाइलवर घंटी वाजते. न्हाणीघरात आणि अंगणाच्या पायरीला धरायला स्टीलचा दांडा बसवून घ्या. एक किल्ली शेजारी द्या. सकाळी चहा झाला की मुलाला एक फोन ठरवून टाका. हे सगळं मुलाला सांगा. त्याला काळजी आहे, आणि काळजीला काहीतरी काम लागतं. दांडा आणि बेल त्याच्याकडूनच मागवून घ्या.

तरीही त्याचं मन राहत नसेल तर कॅमेरा बेडरूममध्ये नको, पुढच्या दाराच्या आत लावा, दार आणि पॅसेज दिसेल एवढाच. डबा आणि तुमचा मोबाइल घेऊन दुकानात या, किंवा मी येतो. तुमच्या नंबरवर नोंद करून मुलाला शेअर करून देईन. प्लग असा लावू की खुर्चीत बसल्या जागी तुमचा हात पोचेल. तो कधीही काढायची मुभा तुम्हाला असेल आणि का काढला असं मुलाने विचारायचं नाही, हे त्याच्याशी फोनवर आधी ठरवून घ्या. ठरलं की मला कळवा, मग ड्रिल घेऊन येतो.